यशवंतपूर ते सातारा, बॅटरीवर



बंगळूरला पोस्टिंग आलेल्या मराठी जवानाला शहराचा एक भाग लवकर पाठ होतो, तो म्हणजे यशवंतपूर. मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा इथे थांबते. बाजार समितीच्या यार्डात एमएच पाटीचे कांद्याचे ट्रक उभे असतात. आणि समोरून जातो तो तुमकूर रोड म्हणजे आपलाच पुणे-बंगळूर हायवे. गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल, पीण्याचा लांबलचक पूल, पुढे नेलमंगला. तिथे हासनचा रस्ता डावीकडे सोडला की थेट घरची वाट. आमच्या साताऱ्यापर्यंत साधारण 735 किलोमीटर.

या आषाढात ते अंतर मी इलेक्ट्रिक गाडीने केलं, आणि एकट्याने नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आबा माझ्याकडे होते. त्यांना गावी न्यायचं होतं. रेल्वेची पायरी चढणं त्यांना जमत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दर दोन तासांनी पाय मोकळे करायचे, फार वेळ गुडघा वाकवून बसायचं नाही. वाटेत कुठे आडरानात गाडी बंद पडली असती तर सत्तरीतला, कुबडीवरचा माणूस घेऊन मी काय करणार होतो? म्हणून या वेळी रेंजचा हिशेब जरा जास्तच काळजीने केला.

आबा स्वतः एमटीतले. जबलपूरच्या कारखान्यात बनलेला शक्तिमान त्यांनी डोंगरात वर्षानुवर्षं चालवला. गाडीत बसताच त्यांचा पहिला प्रश्न होता, "टाकी किती लिटरची रे?"

म्हटलं, "आबा, टाकी नाही. साडेचाळीस युनिटची बॅटरी आहे."

युनिट म्हटलं की आम्हा फौजींना वेगळंच काही आठवतं. इथे युनिट म्हणजे विजेच्या बिलातलं. या बॅटरीवर कागदावर सव्वाचारशे किलोमीटरच्या वर रेंज लिहिलेली आहे. तो आकडा खोटा नसतो, पण तो ज्या परीक्षेतून येतो ती रोलरवर होते. तिथे जास्तीत जास्त वेग 90, आणि बराचसा वेळ शहरातल्यासारखं थांबत-चालत. समोरून वारा नाही, पाऊस नाही, मागे सामान नाही. हायवेवर माझी गाडी 80 च्या वेगाला युनिटमागे साडेसहा किलोमीटर देते, 100 ला साडेपाचच्या आसपास. म्हणजे भरलेली बॅटरी पूर्ण रिकामी केली तर 260 नाही तर 220. आणि पूर्ण रिकामी कोणी करत नाही.

हे वेगाचं गणित पेट्रोलवाल्यांनाही लागू आहे, फक्त पंप जवळ असल्यामुळे त्यांना ते जाणवत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 100 वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. गाडी 80 ने जात असेल आणि समोरून 20 चा वारा असेल, तरी हवेच्या लेखी तुम्ही 100 नेच चाललेले असता.

लोकांना भीती वाटते चढाची. पुण्याहून बंगळूर साडेतीनशे मीटरभर उंच आहे, मग येताना बॅटरी संपेल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. कागद घेऊन मांडून बघा. माणसं-सामानासकट सतराशे किलोची गाडी साडेतीनशे मीटर वर न्यायला दीड-पावणेदोन युनिट लागतात. म्हणजे दहा-बारा किलोमीटरची रेंज, आणि तीही आठशे किलोमीटरमध्ये विभागलेली. त्यातलं काही उतारावर परत मिळतं, कारण पाय उचलला की मोटर उलटी होऊन बॅटरी भरते. खरा शत्रू वारा आहे. तो दिसत नाही, म्हणून त्याची कोणी धास्ती घेत नाही. चित्रदुर्गच्या आसपास मात्र तो दिसतो. डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, आषाढात त्यांची तोंडं पश्चिमेकडे, आणि आपला रस्ताही त्याच अंगाने वायव्येला.

पहाटे पाचला निघालो. हिरियूर 160 किलोमीटर, पोचलो तेव्हा 36 टक्के शिल्लक. चाळीस मिनिटांत 80 टक्के झालं. आबांची इडली, चहा, औषध आणि चार फेऱ्या तेवढ्यात उरकल्या. ऐंशीच्या पुढे थांबायचं नाही, कारण त्यानंतर बॅटरी वीज हळूहळू घेते. भरत आलेल्या हंड्याखालचा नळ आपण बारीक करतो, तसंच. शेवटच्या वीस टक्क्यांना जेवढा वेळ जातो, तेवढ्यात पुढच्या ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त भरून होतं.

दावणगेरेला 40 टक्क्यांवर पोचलो. गन लावून समोर बेण्णे डोसा खाल्ला. वीस मिनिटांत 62 झालं, तोवर मागे एक टॅक्सीवाला लहान मूल असलेलं कुटुंब घेऊन उभा. दोन गन असलेल्या चार्जरवर दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी वीज निम्मी वाटली जाते. इथे तर दुसरी गन बंदच होती. आम्हाला पुरेसं होतं, गन त्याला दिली.

आबांना इथून होदिगेरेला जायचं होतं. चन्नगिरी तालुक्यात शहाजीराजांची समाधी आहे, 1664 मध्ये राजे तिथेच गेले. पण ते आडवळण आणि परत हायवे एवढं 62 टक्क्यांत बसवायचं तर आणखी तासभर थांबावं लागलं असतं. पेट्रोलच्या गाडीत मनात आलं की स्टिअरिंग वळवता येतं, इथे आधी आकडेमोड. या गाडीची माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच. पोचायला पोचतो माणूस, पण भटकणं कमी होतं.

आता हावेरी. 33 टक्क्यांवर पोचलो. ॲपवर चार्जर हिरवा दाखवत होता, जागेवर स्क्रीन काळी. हॉटेलचा पोऱ्या म्हणाला, दोन दिवसांपासून असाच आहे. फोन केला, "तक्रार नोंदवली" एवढंच उत्तर. वीज मंत्रालयाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेवर दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला चार्जिंग स्टेशन हवं असं लिहिलं होतं. नकाशावर चौकी असणं आणि चौकीत जवान जागा असणं यातला फरक फौजेत कोणाला समजावावा लागत नाही.

आबा शांत होते. म्हणाले, "पुढची पोस्ट किती लांब?"

"हुबळी. पंचाहत्तर."

"मग पाणी आहे की बाटलीत."

आमचा नियमच तो होता, आणि तो त्यांच्याच शक्तिमानच्या दिवसांतला. ज्या ठिकाणी भरायचं ठरलं आहे तिथे पोचताना, ते ठिकाण नाहीच असं समजून त्याच्या पुढच्या ठिकाणापर्यंतचं शिल्लक असलं पाहिजे. 33 टक्के म्हणजे तेरा युनिटच्या वर. एसी बंद, काचा अर्ध्या, एका उंच कंटेनरच्या मागे योग्य अंतर राखून साठच्या वेगाने सव्वा तास. आबा बोलत राहिले. लेहमध्ये डिझेल गोठायचं, पहाटे टाकीखाली शेगडी धरून गाडी सुरू करायची, त्याच्या गोष्टी. अलीकडे 2019 पासून तिथे उणे 33 अंशांतही न गोठणारं डिझेल मिळतं हे मी सांगितलं, तर म्हणाले, "आमच्या हाताची कातडी गेली तेव्हा कुठे होतं हे?" थंडी बॅटरीलाही लागते, रेंज चांगलीच घटते. तिकडे पोस्टिंग असलेल्यांनी दक्षिणेतला माझा हिशेब उचलून वापरू नये.

हुबळीला 8 टक्क्यांवर शिरलो. तासभर जेवण, 80 टक्के. बेळगावला दुपारी साडेतीन. मुक्काम मराठा सेंटरजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राकडे, रात्रभर त्याच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी, तासाला तीन युनिट या गतीने. सकाळी शंभर टक्के. दुसऱ्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. कोल्हापूरला वीस मिनिटं, दुपारच्या जेवणाला घरी.

वाटेत विकत घेतलेली वीज 65 युनिट, युनिटमागे वीस रुपयांच्या आसपास, म्हणजे साधारण तेराशे रुपये. घरून निघतानाचं आणि मित्राच्या मीटरवरचं वेगळं, त्याने पैसे घेतले नाहीत. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला याच रस्त्याला सेहेचाळीस लिटर लागायचे, लिटर शंभराच्या वर. पण ती एका दिवसात पोचवायची, हेही लिहायला हवं. आबांसोबत मुक्काम करावाच लागणार होता, म्हणून आमचा वेळ गेला असं म्हणता येत नाही. चार दिवसांच्या सीएलवर जाणाऱ्या जवानाचा मात्र नक्की जातो.

ज्या शहरातून निघालो त्याला हे नवीन नाही. रेवा ही छोटी इलेक्ट्रिक गाडी बंगळूरातच बनली, 2001 मध्ये रस्त्यावर आली. शिशाची बॅटरी, एका चार्जिंगला ऐंशीएक किलोमीटर. यशवंतपूरहून तुमकूरला गेली असती, परत आली नसती. कर्नाटकाने 2017 मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं धोरण केलं, देशात सर्वांत आधी. त्या मानाने पल्ला बराच गाठला आहे. अडतं ते बंद पडलेल्या चार्जरपाशी.

पेन्शनीत निघालेले काही मित्र विचारतात, फंडाचे पैसे आलेत, घेऊ का? घरात एकच गाडी असेल, आणि रात्री-बेरात्री आजारी माणसाला घेऊन दोन-अडीचशे किलोमीटर पळावं लागण्याची शक्यता असेल, तर अजून थोडं थांबा. तालुक्याला आणि जिल्ह्याला रोजचं जाणं-येणं असेल तर खुशाल घ्या. पण शोरूमला जाण्याआधी वायरमनला बोलवा. घरात धड अर्थिंग नसेल तर गाडीसोबत मिळणारा चार्जर लाल दिवा लावून बसतो, एक युनिटही घेत नाही. आमच्या गावच्या घरी तेच झालं. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे खड्डा खणला, पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला, चार बादल्या पाणी ओतलं. आबा कुबडीवर उभं राहून वायरमनला खोली मोजायला लावत होते. संध्याकाळी हिरवा दिवा लागला, आणि तासाभराने गावातली लाईट गेली ती पहाटे तीनला आली.