चामटोलीची नदी आणि बागुलबुवा

मुंबईहून कर्जतकडे जाणारी आगगाडी बदलापूर सोडून वांगणीच्या वाटेस लागली, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरांच्या त्या टप्प्यांत चामटोली हें गांव येतें. हा लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत पोहोंचला. तेव्हांपासून लाखों प्रवाशांनीं हा मुलूख खिडकींतून पाहिला असेल. पायांनीं मात्र थोड्यांनींच. बदलापुरास उतरून आम्ही मुलांसह तिकडे गेलों, तेव्हां एका अंगास चंदेरी व टवली यांचे डोंगर आणि दुसऱ्या अंगास उल्हास नदी, असा देखावा दिसला.

नदीचें नांव गोड आहे. स्वभाव मात्र नीट ओळखून घ्यावा असा आहे. राजमाचीच्या दऱ्यांतून निघून ती कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण या बाजूनें वसईच्या खाडीस मिळते. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस कांहीं तासांतच तिच्या पात्रांत उतरतो. म्हणून येथें आकाश निवळलेलें असलें, तरी पाणी चढत असूं शकतें. उन्हाळ्यांतहि ती सहसा आटत नाहीं, कारण आंध्र खोऱ्यांतील धरणाचें पाणी भिवपुरीच्या वीजगृहांतून खालीं येऊन तिलाच मिळतें. म्हणजे ऐन सुटीच्या दिवसांत ती मुलांना दिसते सौम्य आणि असते खोल.

२७ जुलै २०१९ रोजीं पहाटे कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस याच टापूंत पुरानें अडली. आंत सुमारे १,०५० माणसें होतीं आणि सभोंवार पाणीच पाणी. ‘गाडींतून उतरूं नका, गाडी हीच सुरक्षित जागा आहे,’ अशी सूचना रेल्वेनें दिली. पुढें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, नौदल आलें, आसपासचे गांवकरी धांवले आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. उतरूं नये असें सांगितलें, तें कां, हें खिडकीबाहेर पाहतांच प्रत्येकास कळत होतें. भय होतें, पण त्या भयाला कारण होतें.

आमच्या घरांतलें भय बहुधा असें नसतें. मूल जेवत नाहीं, बोलवा बागुलबुवा! मूल निजत नाहीं, आला गोसावी झोळी घेऊन! सातव्या-आठव्या वर्षीं मुलास उमगतें कीं, बागुलबुवा म्हणून कोणी नाहींच. मग ‘नदींत खोल जाऊं नकोस’ हें वडिलांचें सांगणेंहि तें त्याच झोळींत टाकतें. खोट्या भीतीनें खऱ्या भीतीची पत जाते, हा या प्रकारांतला मोठा तोटा.

तर मग भीति दाखवूंच नये काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. मराठींत छापील बालवाङ्मयाच्या आरंभींच, १८२८ सालीं, सदाशिव काशिनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ आलें. त्या वळणाच्या पुस्तकांत बोध पुष्कळ, हंसूं थोडें. जर्मनींत फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमन यांनीं १८४४ च्या नाताळासाठीं आपल्या तीन वर्षांच्या मुलाकरितां स्वतःच चित्रें काढून एक पुस्तक केलें. तें पुढच्या वर्षीं छापलें गेलें. त्यांतला एक मुलगा सूप नको म्हणतो आणि पांचव्या दिवशीं मरतो. दुसरा आकाशाकडे पाहत चालतो आणि थेट नदींत पडतो, तेव्हां मासे त्यास हंसतात. इंग्रज लेखक हिलेअर बेलॉक यांच्या १९०७ सालच्या पुस्तकांतला जिम दाईचा हात सोडून पळतो, आणि सिंह त्यास खातो. प्रकार भयंकर खरा. पण अतिशयोक्ति इतकी उघड कीं मूल खदखदां हंसतें, आणि हात सोडूं नये एवढें तेवढें लक्षांत ठेवतें.

आमच्या घरीं गोष्टींची एक जुनी वही आहे. आजीनें सांगितलेल्या गोष्टी तींत उतरलेल्या आहेत; नंतरचीं पानें कोरीं. चामटोलीस जातांना ती पुष्कळ वर्षांनीं ट्रंकेंतून बाहेर निघाली, आणि झाडाखालीं बसून मुलांच्या मदतीनें तींत ही गोष्ट लिहिली:

रघू नांवाचा एक मुलगा होता. ‘मला पोहतां येतें,’ असें तो सर्वांस सांगे. नदीस मात्र त्यानें तें सांगितलेंच नव्हतें. मे महिन्यांत एके दुपारीं त्यानें उडी घेतली. टोपी तरंगत कल्याणास गेली, तेथून वसईस गेली, आणि एकटीनेंच समुद्र पाहून आली. रघूच्या वांट्याचा लाडू आईनें झांकून ठेवला होता. मुंग्यासुद्धां त्याला तोंड लावीत नाहींत.

टोपीच्या प्रवासास मुलें मनसोक्त हंसलीं. लाडवापाशीं मात्र सगळीं गप्प झालीं. धाकट्यानें विचारलें, ‘येथलें पाणी किती खोल आहे?’ त्यास आम्हीं नदीकांठीं नेलें, एक लांब काठी पाण्यांत घातली, आणि ती कोठें नाहींशी होते तें दाखविलें.

प्रत्येक घरीं अशी एखादी वही कोठेंतरी पडलेली असतेच. वाचकांनीं ती काढावी, आणि आपल्या गांवची विहीर, तलाव, रूळ, विजेची तार यांपैकीं जें खरोखर घातक असेल, त्याचीच गोष्ट मुलांना बरोबर घेऊन तींत लिहावी. बागुलबुवाला आतां रजा देण्यास हरकत नाहीं.