रोजानं आणि गुत्त्यानं

पेट्रोल भरताना माझा एक नेम आहे. नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, वर एक थेंबही टाकू द्यायचा नाही. मीटरवरचे किलोमीटर वहीत, पावतीवरचे लिटर वहीत. पुढच्या वेळी पुन्हा टाकी फुल्ल, आणि मधल्या किलोमीटरांना आज मावलेल्या पेट्रोलनं भागायचं. गाडी स्वतः पडद्यावर जो आकडा दाखवते, तो मी हिशेबात धरत नाही. शाळेच्या दोनशे पानी वह्या, अशा चार भरल्यात.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावात भाड्याची गाडी चालवणाऱ्याला ही सवय लागतेच. 2018 च्या सप्टेंबरात पेट्रोल नव्वदीला टेकलं तेव्हा देशभरच्या बातम्यांत परभणीचं नाव आलं, आणि 2021 च्या मे महिन्यात इथं लिटरनं शंभरी ओलांडली. आमच्याकडं टँकर येतो तो मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून. तीनशे किलोमीटरच्या आसपासचं ते भाडं आमच्या प्रत्येक लिटरात मिसळलेलं असतं. पेट्रोल स्वतःच इतकं लांबून प्रवास करून येतं म्हटल्यावर ते पायाखाली उधळताना मला अन्न सांडल्यासारखं वाटतं.

गाडीत बसणारा माणूस मात्र एकच प्रश्न विचारतो : "भाऊ, एसी किती खातो?"

माझ्या वस्तादांना हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्यांच्या जीपला एसीच नव्हता. मला शिकवताना त्यांनी पहिल्या दिवशी चप्पल काढायला लावली. ॲक्सिलेटर तळव्याला कळला पाहिजे, बुटाला कळून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. मग वालूर ते सेलू या रस्त्यावर ते शेजारी बसून माझे ब्रेक मोजायचे. मोठ्यानं. "अकरा... बारा... ही म्हैस तुला तिकडून दिसली नव्हती का?" म्हैस दिसली होती. मी तरीही पाय दाबून तिच्या जवळ गेलो आणि मग ब्रेक मारला. वस्ताद म्हणायचे, ब्रेक दाबला म्हणजे जाळलेलं तेल चाकाच्या ठोकळ्यावर घासून टाकलं. शाळेत न गेलेल्या माणसानं सांगितलेलं हे विज्ञान अक्षरशः खरं आहे. गाडीला वेग द्यायला इंधन लागतं, आणि ब्रेक तो सगळा वेग उष्णतेत घालवतो. पुढं उसाची ट्रॉली, मेंढरांचा कळप, फाट्यावरचा गतिरोधक दिसला की पाय आधीच उचलायचा आणि गाडीला तिच्या गतीनं पोचू द्यायचं. त्या रस्त्यावर माझे ब्रेक नऊवर आले त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

एक गोष्ट मात्र वस्तादांची मी सोडली. उतार लागला की ते गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायचे. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. शिवाय आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन आपोआप तोडतात. चाकंच इंजिनाला फिरवत नेतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जिवंत ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जातच राहतं. म्हणजे उतारावर गिअरमध्ये राहणं सुरक्षितही आणि स्वस्तही. हे मी नव्या पोरांना हात जोडून सांगतो.

आता एसीचं. आमच्याकडं शेतातलं काम दोन प्रकारे देतात, रोजानं किंवा गुत्त्यानं. रोजानं म्हणजे दिवस भरला की पैसे, मग काम किती का होईना. गुत्त्यानं म्हणजे जेवढं काम तेवढे पैसे. एसी हा रोजावरचा गडी आहे. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि तासाच्या हिशेबानं पेट्रोल मागतो. गाडी किती लांब गेली याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. समजा मे महिन्याच्या दुपारी तो तासाला अर्धा लिटर मागतो. खड्ड्यांतून ताशी 20 नं चाललो, तर तो अर्धा लिटर वीस किलोमीटरांवर पडला. चांगल्या रस्त्यावर 80 नं गेलो, तर तोच अर्धा लिटर ऐंशी किलोमीटरांवर. एसी तोच, ऊन तेच, पण किलोमीटरमागं चौपट फरक. म्हणून गावातल्या बोळातून, बाजाराच्या दिवशीच्या गर्दीतून एसी महाग पडतो, आणि मोठ्या रस्त्यावर तो फारसा जाणवत नाही.

वारा गुत्त्यावर आहे. तो अंतरामागं घेतो, आणि तेही वेगाच्या वर्गानं. 80 वरून 120 वर गेलं की हवेचा अडथळा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. जालन्याकडून समृद्धी महामार्गावर चढलं की हे वहीत स्वच्छ उतरतं. तिथं कारला 120 ची परवानगी आहे, आणि रस्ता असा सरळ की पाय आपोआप दबत जातो. शिर्डीला गेलेल्या एका फेरीत मुलांच्या आग्रहावरून मी तसं चालवलं, तर लिटरमागं चारेक किलोमीटर गळाले. एसी दोन्ही वेळा चालूच होता. आता मी 90 धरतो. शंभर किलोमीटरमागं सतरा मिनिटं जास्त लागतात, तेवढी मी आधी निघतो. पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ, म्हणजे पीसीआरए, तर कित्येक वर्षांपासून ताशी 45 ते 55 सांगतोय. महामार्गावर तेवढं हळू जाणं धोक्याचं आहे, पण त्या आकड्यामागचं कारण हेच. एसी बंद करून, घाम पुसत 110 नं जाणारी माणसं मी रोज पाहतो. रोजावरच्या गड्याला त्यांनी घरी पाठवलंय आणि गुत्तेदाराला तिजोरीची किल्ली दिलीय.

काचा उघड्या ठेवल्या तर वारा आत अडतो हे खरं, पण तो तोटा लोक सांगतात तेवढा मला कधी सापडला नाही. साठच्या पुढं मी काचा लावतो त्या धुळीमुळं आणि आवाजामुळं. लग्नसराई संपली तरी टपावर तसंच ठेवलेलं रिकामं कॅरिअर मात्र खरंच पेट्रोल खातं. रुखवत उतरलं की कॅरिअरही उतरवावं. टायरची हवाही तशीच. कमी हवेचं टायर रस्त्याला चिकटून चालतं, गाडी ओढल्यासारखी वाटते, आणि समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर ते जिवावरही येतं.

वालूरची बारव बघायला हल्ली लांबून माणसं येतात. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची अशी विहीर क्वचितच बघायला मिळते. एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा उतरताना त्यांनी सांगितलं, एसी चालू राहू द्या, परत येईपर्यंत गाडी गार हवी. पाऊण तास गाडी एका जागी धडधडत उभी. रोजावरचा गडी पूर्ण पगारावर, काम शून्य, किलोमीटर शून्य. त्या दिवसापासून मी पाहुण्यांना वेगळं सांगतो : गाडी सावलीत लावतो, तुम्ही आलात की चारी दारं दोन मिनिटं उघडू, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून एसी आणि आतलीच हवा फिरवू. बाहेरची 43 अंशांची हवा पुन्हा पुन्हा गार करण्यापेक्षा एकदा गार झालेली हवा राखणं सोपं. बहुतेक जण ऐकतात.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आणखी एक काम असतं. मळणी यंत्राचा भुसा हवेत तरंगत असतो, तो गाडीच्या पुढच्या जाळीतून जाऊन एसीच्या कंडेन्सरवर बसतो. कंडेन्सर गुदमरला की उष्णता बाहेर टाकता येत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ राबतो, आणि ॲव्हरेज कशानं उतरलं ते कळत नाही. मी पाण्याची बारीक धार धरून तो धुतो. जोराचा फवारा नको, पातळ पट्ट्या वाकतात.

मागच्या मे महिन्यात एका आजींना परभणीला दवाखान्यात न्यायचं होतं. भाडं बिगर एसीचं ठरलं होतं, मुलानं आधीच बजावून सांगितलेलं. रस्त्याचं काम चालू, गाडी पंधरा-वीसच्या पुढं जात नव्हती. माझ्याच हिशेबानं एसी सगळ्यात महाग पडण्याची ती जागा. आरशात पाहिलं तर आजींचे ओठ कोरडे पडले होते आणि पदर डोळ्यांवर ओढलेला. मी काचा वर घेतल्या आणि बटण दाबलं.

"भाऊ, एसीचे पैसे..." मुलगा म्हणाला.

"राहू द्या दादा. पैसे नका देऊ."

पुढं फाटकावर वीस मिनिटं थांबलो. एरवी तिथं मी पहिल्या मिनिटात किल्ली फिरवतो. त्या दिवशी इंजिन चालू ठेवलं. फाटक उघडायच्या सुमारास आजींनी पदर बाजूला केला आणि पाणी मागितलं.

संध्याकाळी टाकी भरली, भागाकार केला. त्या वहीतला सगळ्यात खालचा आकडा आला. त्याच्यापुढं मी लिहिलं : पेशंट होता, एसी चालू.