मृत्युपत्राचे वाचन

डिसेंबर २०२४ मधील एका रात्री आमच्या गायनवृंदात पूर्वी गिटार वाजविणारा एक तरुण दारात येऊन उभा राहिला. नेरूळला राहत असूनही पाच वर्षे तो आमच्याकडे फिरकला नव्हता. कारण आम्हीच होतो. २०१९ च्या अखेरीस स्वीडनचा ओपेथ हा मेटल वाद्यवृंद पुण्याच्या एनएच सेव्हन वीकेंडर महोत्सवात आला, तेव्हा हा रविवारची मिस्सा चुकवून तिकडे गेला होता. परतल्यावर साऱ्या गायनवृंदासमोर आम्ही त्या संगीताला सैतानाचा आरडाओरडा म्हटले. आम्ही ते ऐकले मात्र नव्हते.

"फादर, यांचा नवा अल्बम आलाय. शब्द वाचत ऐका," म्हणून त्याने हेडफोन पुढे केले.

'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' हे त्याचे नाव. पहिल्या महायुद्धानंतरच्या एका धनिकाच्या मृत्युपत्राचे वाचन चालले आहे. आठांपैकी सात गीतांना नावेच नाहीत. कायद्याच्या कागदासारखे नुसते परिच्छेद-क्रमांक. मेलेला बाप जुळ्या मुलांना वारसा नाकारतो आणि पोलिओने अधू झालेल्या मुलीला सर्वस्व देतो. गायक मिकाएल ओकरफेल्ट यांनी २००८ नंतरच्या अल्बममधून सोडून दिलेला तो घशातला खर्ज येथे पुन्हा काढला आहे, आणि तो बापाच्या तोंडी अगदी शोभतो. (सेमिनरीत ग्रेगोरियन गायनाने घडलेल्या आमच्या कानांना पहिली दहा मिनिटे फार जड गेली, हेही सांगितले पाहिजे.) मध्येच जेथ्रो टलचे वृद्ध इयन अँडरसन बासरी घेऊन येतात, तेव्हा कोंदट खोलीची खिडकी उघडल्यासारखे वाटते. ताल इतके वारंवार बदलतात की काही ठिकाणी कारागिरी कथेच्या वाटेत येते, असे आमचे मत झाले. शेवटचे गीत तेवढे संथ व सुरेल. आणि त्यातच कळते की ती मुलगीही त्याच्या रक्ताची नव्हती.

सिडकोच्या दोन खोल्यांसाठी सख्खे भाऊ आमच्या कचेरीत एकमेकांकडे पाठ करून बसलेले आम्ही पाहिले आहेत. या तरुणाचे वडील त्याच पावसाळ्यात वारले. दफनविधी आम्हीच केला. त्या वेळी तो मागे उभा होता आणि आम्ही त्याच्याशी चार शब्दही बोललो नव्हतो.

"बाप गेला तरी बोलायचा थांबत नाही, फादर," तो म्हणाला. "माझे बाबा तुमचंच वाक्य म्हणायचे. सैतानाचा आरडाओरडा. शेवटपर्यंत."

आम्ही हेडफोन काढले. त्या दिवशी आमचे चुकले, आणि ते आम्ही तुझ्या घरापर्यंत पोहोचविले, असे आम्ही त्याला म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "चौथा परिच्छेद परत लावतो. बासरीच्या वेळी डोळे मिटले होते तुम्ही. पुढचं काहीच ऐकलं नाहीत."