तिकिटावरचे पाच तास

आम्ही बी.कॉम. झालेले, वीस वर्षे कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसलेले. वस्तीत कुणाचा फॉर्म भरायचा असो की अर्ज लिहायचा असो, लोक आमच्याकडे येतात. २०२४ च्या सप्टेंबरात आमची पुतणी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला निघाली, तेव्हाही वहिनींनी तिकीट आमच्याच हातात दिले. "भाऊजी, पोर किती वेळात पोचेल?"

तिकिटावर छापले होते : मुंबई दुपारी १.३०, लंडन सायंकाळी ६.३०. आम्ही वजाबाकी केली आणि ठोकून सांगितले, "पाच तास!"

दादांच्या माघारी वहिनींनी लोकांची धुणीभांडी करून ही पोर वाढवली. साडेसहापासून त्या फोन समोर घेऊन बसल्या. आठ वाजले, नऊ वाजले. वाढलेले ताट तसेच. शेजारणी जमल्या. दहा वाजता वहिनींनी तोंडाला पदर लावला. आमच्याही पोटात गोळा आला. फोन आला तो मध्यरात्र उलटल्यावर. "आई, पोचले गं!"

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या एका जाणत्या मित्राने आमची चूक दाखवली. तिकिटावर निघण्याची वेळ इथली आणि पोचण्याची वेळ तिथली असते. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे पाच अधिक साडेचार, साडेनऊ तास! तिथे साडेसहा वाजले तेव्हा इथे रात्रीचे अकरा वाजले होते. पुढे पासपोर्टची तपासणी आणि सामान घेण्यात तासभर गेला.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने भागले तर आठच तास येतात. पण विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते, चढता-उतरताना वेग कमी असतो, वाट सरळ रेषेची नसते. शिवाय उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. जाताना तो आडवा येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून परतीचा प्रवास सहसा थोडा लवकर होतो.

हे सारे आम्ही वहिनींना सांगितले आणि चूकही कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी घरातले जुने गजराचे घड्याळ लंडनच्या वेळेला लावून चुलीजवळ ठेवले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात, फरक साडेपाच तासांचा होतो. पोरीने फोनवर सांगताच वहिनींनी स्वतः काटा फिरवला.

२०२५ च्या सप्टेंबरात शिक्षण संपवून पोर परत निघाली. लंडन रात्री ९.३०, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी ११. आम्ही कागद-पेन शोधत होतो, तोवर चौथीपर्यंत शिकलेल्या वहिनी बोटांवर मोजून म्हणाल्या, "साडेतेरातून साडेचार गेले, नऊ तास. बघा भाऊजी, बरोबर आहे का?"

बरोबर होते. वाचकहो, चार लोक आपल्याला शहाणे समजतात, तेव्हा उत्तर देण्याआधी ते दोनदा तपासावे. आपल्या एका चुकीच्या आकड्यावर कुणाची तरी आई रात्रभर ताटकळत बसते.