बाण कुणीकडे?

ऑफिसात लंच ब्रेकचा सध्याचा टाइमपास काय? घरातला जुना फोटो एआयला द्यायचा आणि म्हणायचं, याचं रेट्रो इन्फोग्राफिक कर! मार्च २०२५मध्ये सगळ्यांनी स्वतःला 'जिब्ली' करून घेतलं, सप्टेंबरात रेट्रो साड्या नेसून झाल्या, आता हे. पिवळट कागद, विटकरी-हिरवे रंग, बाण, आकडे, चौकटी. शाळेच्या भिंतीवरचा तक्ताच. जाम सही दिसतं, खोटं कशाला बोला?

मी बाबांचा १९८५चा फोटो दिला. केसांचा कोंबडा, गॉगल, शेजारी बजाज चेतक. तक्ता झकास आला, पण स्कूटरच्या डाव्या फुगवट्यावर 'इंजिन' लिहिलेलं. चेतकचं इंजिन उजवीकडे! जोडाक्षरांची तर पार खिचडी. बाबांकडे जाणारा बाण मात्र एकदम शुद्ध: 'अभिमानी मालक'. 'चुका शोधा' म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकला. इंजिन सगळ्यांनी पकडलं. आत्याने तर बदामही दिला.

मग बाबांचा फोन. "अगं, स्कूटर खालच्या काकांची. फोटोपुरती मागितली होती." नंबर त्यांनीही लावला होता म्हणे. तेव्हा चेतकसाठी वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. नंबर लागला आणि त्याच वर्षी आत्याचं लग्न ठरलं. पैसे तिकडे गेले. अठ्ठावीस वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मास कॉमला ऑटो न्यूराथ होता अभ्यासाला. १९२०च्या दशकात व्हिएन्नामध्ये त्याने आकडेवारी चित्रांतून सांगायची पद्धत उभी केली, तीच पुढे 'आयसोटाइप' झाली. चिन्हं गेर्ड आर्न्ट्झ काढायचा. पण तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्या मधे मरी रायडेमायस्टर असायची. काय दाखवायचं, काय गाळायचं, ते ती बघायची. आपल्या अॅपमध्ये ही मधली बाईच नाही. ते फोटो बघून अंदाज बांधतं आणि त्याला पाठ्यपुस्तकाचा शर्ट घालतं. नुसता फोटो असता तर कुणीतरी विचारलं असतं, स्कूटर कुणाची? छापील तक्त्याला कोण विचारतंय!

रविवारी प्रिंट घेऊन घरी गेले. बाबांनी लाल पेन काढलं. इंजिन पलीकडे. गिअर चार, डाव्या मुठीत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. 'मालक'वर पेन थांबलं.

"हे राहू दे," म्हणाले. "ग्रुपवर आत्या बघते."