पंख्याची बदली

मोटारीत बसणाऱ्या माणसाला चाके ठाऊक असतात, दिवे ठाऊक असतात, आणि भोंगा तर फारच ठाऊक असतो. रेडिएटरमागे फिरणाऱ्या पंख्याची ओळख मात्र बहुधा तो बंद पडल्यावरच होते. जुन्या मोटारींच्या काळात मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाटात हे चित्र नित्य दिसे: गाडी कडेला उभी, पुढचे झाकण उघडे, वाफेचा लोट निघालेला, आणि चालक पाण्याचा डबा हातात धरून एंजिनाचा राग शांत होण्याची वाट पाहत आहे.

त्या रागाचे कारण सरळ आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यापैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचेच एंजिनात कामात रूपांतर होते. जवळजवळ तेवढाच हिस्सा एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला उचलून बाहेर टाकावा लागतो. गाडी वेगात असली, म्हणजे समोरचा वारा रेडिएटरमधील पाणी आपोआप निववितो. गाडी थांबली की वाराही थांबतो. तेथे पंख्याची चाकरी सुरू होते. १९०१ सालच्या मर्सिडीज मोटारीसाठी विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजिला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. तरीही मंद गतीसाठी मागे पंखा ठेवावा लागलाच.

हा पंखा फिरवावयाचा कोणी? पूर्वी ते काम एंजिनच पट्ट्याच्या साहाय्याने करी. पुढे एंजिन आडवे बसविण्याची पद्धत आली आणि पट्टा रेडिएटरपर्यंत पोचेना. १९५९ च्या ‘मिनी’ मोटारीत अॅलेक इसिगोनिस यांनी यावर तोड म्हणून रेडिएटरच बाजूला नेऊन बसविला. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये विजेचा पंखा होता. याखेरीज तिसरी एक युक्ती निघाली, ती तेलाची. स्टिअरिंग हलके व्हावे म्हणून जो पंप तेलाला दाब देतो, त्याच दाबाच्या तेलाने पंख्याची छोटी मोटर फिरवावयाची. एक झडप तेल कमीजास्त सोडते आणि त्याप्रमाणे पंख्याचा वेग बदलतो. काही जपानी व अमेरिकन मोटारींनी ही युक्ती स्वीकारली. तीत शहाणपण होते: बारीकशा नळीतून मोठी शक्ती हवी तेथे नेता येते, आणि बॅटरीवर भार पडत नाही.

आमची वीस वर्षांहून जुनी गाडी याच जातीची. आमचे बिऱ्हाड अमेरिकेत अॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी आहे. तेथील उन्हाळ्याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो: २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस तेथील पारा रोज ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर चढला होता. अशाच एका दुपारी आईला दवाखान्यातून घरी आणीत असताना उष्णतेचा काटा सिग्नलपाशी वर जाऊ लागला. गाडी चालू लागली की तो उतरे, थांबली की पुन्हा चढे. पाणी कमी नव्हते. पंखा निजला होता. अशा वेळी गाडीतील ऊब देणारे यंत्र पूर्ण जोरात सुरू केले, तर एंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. तो उपाय केला, काचा खाली केल्या, आणि ऐंशी वर्षांची माझी आई पदराने वारा घेत एक शब्दही न बोलता घरापर्यंत बसून राहिली. काटा तांबड्या खुणेस पोचला असता, तर अॅल्युमिनियमचे एंजिन वाकावयास वेळ लागला नसता. आणि त्या उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहणे म्हाताऱ्या माणसाला एंजिनाहून महाग पडले असते.

कारखान्यात निदान झाले: पंख्याच्या मोटरीतून तेल गळते आहे आणि झडपही अडकली आहे. तसाच नवा पंखा घ्यावयाचा, तर त्याची किंमत गाडीच्या बाजारभावापलीकडे जात होती. ‘मोडीत काढा’, असा सल्ला मिळाला. बाकी गाडी धडधाकट असताना तो आम्हांला मानवेना. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने विजेचा पंखा बसविण्याचे सुचविले, आणि दोन रविवार आम्ही बापलेकीने त्यात घातले.

काम वाटते तेवढे पंख्याचे नसते. आमच्या गाडीत पंपाचे तेल पंख्यातून पुढे स्टिअरिंगकडे जाई. पंखा काढल्यावर ती वाट तोडून चालत नाही, जोडून द्यावी लागते. तेथील दाब चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅमच्याही वर जातो. म्हणून साधी रबरी नळी व पट्टी न वापरता दाबाची नळी तयार करून घेतली. पंख्याभोवती रेडिएटरभर पुरेल असे आवरण बसविले. नाही तर हवा केवळ पात्यांसमोरच्या वर्तुळातून ओढली जाते. पंखा सुमारे ३० अँपिअर वीज घेतो, सुरू होताना त्याहून बरीच अधिक. तेव्हा जाड तार, बॅटरीजवळ फ्यूज, आणि मध्ये रिले हवाच. पाणी ९५ अंशांच्या वर गेले की पंखा लागावा, चारसहा अंश उतरले की थांबावा, अशी उष्णतेवर चालणारी कळ जोडली; वातानुकूलन सुरू होताच तो फिरावा यासाठी वेगळी तार दिली. शेवटी मुलीने रेडिएटरच्या पुढे कागद धरला. तो जाळीला चिकटून बसला, म्हणजे पंखा योग्य दिशेने हवा ओढीत होता. तारा उलट लागल्या असत्या, तर तो वाऱ्याशीच झुंजत राहिला असता.

नव्या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. वीज निर्माण करणाऱ्या यंत्रावर भार वाढला. त्याची ताकद आधी पाहून घ्यावी लागली. तरी एक मोठा लाभ पदरात पडला. पूर्वी एका पंपावर दोन कामे टांगलेली होती. तेल गळाले की पंखाही जाई आणि स्टिअरिंगही जड होई. आपल्या कुटुंबांतही असा एखादा कर्ता असतो. त्याच्या कर्तबगारीचे आपण कौतुक करतो, आणि तो आजारी पडला की घराचे किती दरवाजे त्याच्याच किल्लीने उघडत होते हे कळते. कामे वाटून दिली, तर त्याच्या मोठेपणाला बाध येत नाही, आणि घर मात्र चालत राहते.

वाचकहो, आपल्या मोटारीचा पंखा कशावर चालतो, हे एकदा झाकण उघडून पाहून ठेवा. उभ्या गाडीत काटा चढत असेल आणि धावत्या गाडीत उतरत असेल, तर प्रथम त्याचीच चौकशी करा. आणि एंजिन तापलेले असताना रेडिएटरचे टोपण मुळीच उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते, शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. टोपण सैल होताच ते वाफ होऊन अंगावर येते.