लवणसमुद्राच्या काठी

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे कापूस-तुरीचे गाव. तेथून समुद्र गाठायचा तर दोन दिवसांची वाट. गावातील एका आडत्याच्या घरी चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री रोज पहाटे तत्त्वार्थसूत्राचा पाठ करतात. तिसऱ्या अध्यायात जंबूद्वीप येते आणि त्याला वेढणारा लवणसमुद्र येतो. द्वीप एक लाख योजनांचे, समुद्र दोन लाख योजनांचा. हे आकडे त्यांना तोंडपाठ. परंतु खारे पाणी त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. शिखरजी झाले, श्रवणबेळगोळ झाले. समुद्र राहिला.

मे महिन्यात नातू मेलबर्नहून पत्नी व मुलीसह तीन आठवड्यांसाठी आला. त्याने तिकडच्या 'ग्रेट ओशन रोड'ची छायाचित्रे दाखविली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी आपल्या मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ 1919 ते 1932 या काळात समुद्रालगत खोदलेला हा सुमारे 240 किलोमीटरचा रस्ता. मातोश्रींनी सारे पाहिले आणि एवढेच विचारले, "आपल्या मुलखात नाई का रे समुद्र?" दुसऱ्या दिवशी आडत्याने दुकानाच्या किल्ल्या मुनिमाच्या हाती दिल्या. तीस वर्षांत हे प्रथमच घडत होते.

कारंज्याला मंदिरांत दर्शन घेऊन गाडी समृद्धी महामार्गाला लागली. पुण्यास मुक्काम झाला, ताम्हिणी घाट उतरला आणि हरिहरेश्वरी समुद्र दिसला. पणती धावत जाऊन लाटेत बोट बुडवून आली आणि ते जिभेला लावून ओरडली, "खारट!" मातोश्री म्हणाल्या, "सूत्रात तेच तं लिहिलं हाय." त्यांनी स्वतः पाण्याला केवळ हात लावला; न गाळलेले पाणी त्यांच्या मुखी जात नाही. मग त्या वाळूत बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. देव-नारकींची आयुष्ये शास्त्रात सागरोपमांत मोजलेली आहेत. हा शब्द त्यांनी हजारदा उच्चारला असेल. लाटा मोजून पाहाव्यात तसे त्यांचे ओठ हलत होते.

बागमांडल्याला गाडी माणसांसकट जंगल जेटीवर चढली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरली. पुढे केळशी.

हर्णैचा लिलाव टाळावा, असे सर्वांचे ठरले होते. पण बंदराच्या रस्त्यावर गाडी अडकली. काचा वर केल्या तरी वास येतच होता. मातोश्रींनी डोळे मिटून णमोकार सुरू केला. आडत्या मात्र बाहेर पाहत होता. बोली वाढविण्याची ती रीत, ते भाव पाडणे, सौदा तुटताच पाठ फिरवणे त्याला अनोळखी नव्हते आणि ते अनोळखी नसणेच त्याला अस्वस्थ करीत असावे. एक कोळीण काचेशी आली. "आजी, उन्हात कशाला? गाडी त्या माडाखाली घ्या," म्हणाली आणि समोरची टोपली स्वतःच सरकवून तिने वाट करून दिली. बोलता बोलता तिने सांगितले, की 1 जूनपासून मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ असतो, होड्या वर ओढून ठेवतात. मातोश्रींनी डोळे उघडले. "म्हंजे त्यायचाही चातुर्मासच म्हना." गाडीत कोणी हसले नाही.

दाभोळला पुन्हा जेटी, पलीकडे गुहागर. घरगुती खाणावळीच्या मालकीणबाईंनी कांदा-लसूण, बटाटा वर्ज्य म्हणताच फणसाची भाजी आणि कुळथाचे पिठले केले, तेही दिवस मावळण्याच्या आत. वाडीतल्या विहिरीचे पाणी मातोश्रींनी स्वतः गाळले. पणती गाळण्याचे फडके समुद्रात धुवायला निघाली तेव्हा त्यांनी तिला थांबविले. गोड्या पाण्यातला जीव खाऱ्या पाण्यात कसा जगेल? जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत, म्हणून अंधार पडण्यापूर्वी त्या काठी टेकत पुन्हा विहिरीपर्यंत गेल्या. मेलबर्नमध्ये वाढलेली ती मुलगी दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता फडके घेऊन विहिरीकडे गेली.

शेवटचा थांबा गणपतीपुळ्याजवळ, आरे-वारेच्या किनाऱ्यावर. जेवण आधीच उरकले असल्याने सूर्यास्त पाहायला सर्वजण मोकळे होते. नातवाने आणलेल्या घडीच्या खुर्चीत मातोश्री पश्चिमेकडे तोंड करून बसल्या होत्या. परतीचे विमान चार दिवसांवर आले होते. त्याविषयी घरात कोणी बोलत नव्हते.

"तुहं मेलबर्न या पान्याच्या पल्याड ना रे, बाबू?"

"नाही आजी. या बाजूला आफ्रिका, अरबस्तान. मेलबर्न आपल्या पाठीमागे, आग्नेयेला."

मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी खुर्ची फिरवून मागितली आणि मावळता सूर्य पाठीशी घेऊन त्या डोंगराकडे पाहत बसल्या.